गॅरंटी फक्त गाडीची

मुर्धा, भाईंदर (पश्चिम)
मंगळवार, ११ फेब्रुवारी

श्रीमान वॉरेन बॉस्को मुनीस,
राहणार उत्तन, सध्या मुक्काम जोरहाट (आजच्यापुरता, उद्याचं तुझ्या गाडीला माहीत) यांसी,

पेन उचललं तेव्हा सप्रेम नमस्कार लिहायचा विचार होता, पण प्रेम शोधायला थोडा वेळ लागेल, म्हणून सध्या नुसता नमस्कार घे. तुझी तब्येत चांगली असेलच. फोटोंत पोट कमी झालेलं दिसतं. गाडीची तब्येत विचारत नाही, ती मला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. माझी म्हणशील (म्हणाला नाहीस, चार महिन्यांत एकदाही नाही, तरी सांगतो) तर रक्तदाबाची अर्धी गोळी आता पूर्ण झाली आहे आणि डावा घोटा सकाळी उठल्यावर दुखतो. तो का दुखतो ते पुढे येईल. चंपा बरी आहे. तिने तुला नमस्कार सांगितलेला नाही, आणि बायकोच्या नावाने खोटे नमस्कार लिहायची मला सवय नाही.

मोबाइलच्या जमान्यात हे पत्र का, असं तुला वाटेल. तुला फोन केला तर रेंज नसते, रेंज असली तर तू हेल्मेटात असतोस, आणि माझे व्हॉइस मेसेज तू ऐकत नाहीस. (नोव्हेंबरात मी तुला सहा मिनिटांचा मेसेज पाठवला होता. त्याला तू अंगठा दाखवलास. त्या मेसेजात मी तुला शिव्या दिल्या होत्या.) मागच्या आठवड्यात मात्र तुझा आपणहून मेसेज आला. ‘धाक्या, चेन-स्प्रॉकेटचा सेट आणि क्लच प्लेटी पाठव, इथल्यांवर भरवसा नाही.’ खाली लॉजचा पत्ता. बायको कशी आहे, बाप कसा आहे, काही नाही. पण त्यावरून मला एवढं कळलं की हा खोका तू नक्की उघडणार. म्हणून पत्र खोक्यात घातलं आहे, प्लेटींच्या वर. आधी वाच, मग पाना हातात घे.

सुरुवातीपासून सांगतो, कारण सगळ्या गोष्टी मी एकट्यानेच लक्षात ठेवायच्या हे काही बरोबर नाही. तू एकोणतीस वर्षं भाईंदर पूर्वेच्या भांड्यांच्या कारखान्यात टाइमकीपर होतास. फाटकावर बसून कोण कधी आत आला आणि कोण कधी बाहेर गेला ते लिहायचं. चार मिनिटं उशीर झाला तर समोरच्याचा अर्धा दिवस कापणारा माणूस तू. (माझा एक चुलतभाऊ तिथे पॉलिशला होता. तो अजून तुझं नाव निघालं की तोंड फिरवतो. हे तुला इतकी वर्षं सांगितलं नव्हतं, आज सांगतो.) तो तू चोवीस दिवसांत येतो म्हणून निघालास, त्याला आज एकशे तेहतिसावा दिवस आहे. तुझ्याच वहीत तुझ्याच अक्षराने हे मांडलं असतंस तर तुझी नोकरी केव्हाच गेली असती.

मार्चमध्ये तू रिटायर झालास आणि जूनमध्ये ती गाडी घेऊन माझ्या शेडसमोर उभा राहिलास. चौदा वर्षांची, वसईच्या एका डॉक्टरची, त्याने ती घर ते दवाखाना यापलीकडे कधी नेली नव्हती. तू म्हणालास, हिला स्पितीला न्यायची आहे. शेडमध्ये तेव्हा चार गिऱ्हाइकं होती, चौघंही हसली. घोडबंदरचा खाडीपूल ओलांडलास तरी पुष्कळ, असं एकजण म्हणाला. मी हसलो नाही, हीच माझी पहिली चूक. अडीच महिने ती गाडी माझ्याकडे नट-नट मोकळी पडून होती. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, बेअरिंगं, सगळं वायरिंग नवं. एका व्हॉल्व्हसाठी मी तीनदा परत खोललं, कारण आवाज मला हवा तसा येत नव्हता आणि तुला तर तो फरक कळतही नव्हता. एकतीस वर्षांच्या धंद्यात मी इतकं काम कुठल्याच गाडीवर केलेलं नाही. चंपा म्हणायची, पोरीच्या लग्नालाही एवढा राबला नाहीत.

आणि मग सप्टेंबरात मतमाउलीच्या सणाला तू मला घरी जेवायला बोलावलंस. तुझे वडील पलीकडच्या खुर्चीवर होते, मॅबेल वहिनी तळणीतून काढलेले गरम फुगे वाढत होत्या. वाढता वाढता त्यांनी मला सहज विचारलं, धाकू, गाडी वाटंत बंद पडली तर हा काय करील? माझ्या तोंडात फुगा होता. फुगा गिळेपर्यंत जरा विचार केला असता तर आजचा दिवस आला नसता. मी म्हणालो, वहिनी, गाडी जाईल तशी परत येईल, गॅरंटी माझी. तू लगेच त्यावर कडी केलीस. म्हणालास, गाडीने जरा जरी त्रास दिला तर मी आहे तिथून मागे फिरतो. हे वाक्य तू बायकोसमोर, बापासमोर आणि माझ्यासमोर बोललास, त्यामुळे नाकारायची सोय नाही. त्या वेळी ऐकायला ते फार समजूतदार वाटलं. गाडीने त्रास दिलाच नाही तर काय, हे कोणीच विचारलं नाही.

दोन ऑक्टोबरला तू गेलास. पहिले चार दिवस तुझे वडील रोज माझ्या शेडवर निरोप पाठवत की चारोटीला बंद पडली का बघ. (बॉस्कोकाकांनी पन्नास वर्षं मासेमारी केली. मशिन म्हणजे आज ना उद्या समुद्रात मधोमध थांबणारी वस्तू, असा त्यांचा अनुभव.) चारोटी गेलं. सुरत गेलं, उदयपूर गेलं. तू फोटो पाठवायचास, आणि कबूल करतो, मला बरं वाटायचं. शेडमध्ये येईल त्याला मी ते दाखवायचो. हा बर्फ बघा, ही गाडी मी बांधलेली. कुठल्याशा खिंडीत एका पंजाब्याची नवी कोरी गाडी धूर काढत बंद पडली आणि आपल्या म्हाताऱ्या गाडीने तिला दोरीने ओढलं, तो फोटो तर मी छापून भिंतीला लावला. आता काढला आहे. भिंतीवर चौकोन राहिलाय.

पंचवीस ऑक्टोबरला तू घरी जेवायला असायला हवा होतास. त्याच्या सहा दिवस आधी तू चंदीगडला आलास आणि तिथून दक्षिणेला वळायच्या ऐवजी डेहराडूनकडे वळलास. मेसेज केलास, ‘गाडी मख्खन चालतेय, थांबवावंसं वाटत नाही.’ मग ऋषिकेश, मग नेपाळची हद्द, मग बिहार. प्रत्येक ठिकाणाहून तेच, गाडी एकदम ओके. वॉरेन, मी आयुष्यभर गिऱ्हाइकांचे फोन घेतले आहेत. गाडी बंद पडली म्हणून रडणारे घेतले, भांडणारे घेतले. गाडी चालू आहे असा मेसेज आला की मी फोन पालथा ठेवायला लागलो तो तुझ्यामुळे.

सव्वीस ऑक्टोबरला सकाळी वहिनी शेडवर आल्या. भाईंदरच्या बाजारात बोंबील विकून परत जाताना मध्येच उतरल्या, स्टूल ओढलं आणि बसल्या. तीन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर मला विचारलं, “धाकू, तू बोल्ला व्हतास ना, गाडी जाईल तशी परत येल?”

मी हो म्हणालो.

“गॅरंटी गाडीची व्हती का मानसाची?”

“गाडीची, वहिनी. माणसाची मी कशी देणार?”

“मंग गाडी कुटं हाय?”

एक गिऱ्हाईक, तोंडावर हात धरून, बाहेर जाऊन उभं राहिलं. वहिनी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, गाडी येईपर्यंत गॅरंटी चालू हाय, आणि निघून गेल्या. मला वाटलं राग बाहेर पडला, संपलं. पण त्या बाईने ते अक्षरशः घेतलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तुझ्या घरात जे बंद पडेल ते माझ्याकडे येऊ लागलं. आधी पाण्याचा पंप, मग मिक्सर, मग बॉस्कोकाकांच्या कानाचं यंत्र. (त्यात मला काही कळत नाही. मी ते पुसून परत दिलं, काका म्हणाले आता बरं ऐकू येतं. त्यांना अजिबात ऐकू येत नाही.) नोव्हेंबरच्या अवेळी पावसात तुझ्या मागच्या पडवीचा पत्रा उडाला, तो मी बसवला. अंगणात बोंबील वाळत घालायच्या काठ्या मी रोवल्या आणि त्या तिरक्या का झाल्या याबद्दल तुझ्या शेजाऱ्यांचं मी ऐकून घेतलं. मी रत्नागिरीचा माणूस, आंब्याच्या पेट्या बांधायला सांगा. पण वहिनी म्हणाल्या, वॉरेन सरळ लावतो. मी म्हटलं, बोलवा त्याला.

नाताळात तुझ्या छपरावर दरवर्षी तू तो मोठा कागदी तारा लावतोस. यंदा तो लागायचा नाही असं मी गृहीत धरलं होतं. चोवीस तारखेला दुपारी काकांचा निरोप आला की सगळ्या गल्लीत आपल्याच घरावर तारा नाही आणि लोक विचारतात. मी शिडी लावून चढलो. तारा लावला, वायर जोडली, दिवा लागला. उतरताना तुझ्या कौलाने दगा दिला. खाली बोंबलांच्या काठ्यांवर पडलो म्हणून पाय मोडला नाही, नुसता घोटा गेला. (त्याच तिरक्या काठ्या. सरळ असत्या तर आरपार गेल्या असत्या.) तुझी अख्खी गल्ली जमली. कोणीतरी विचारलं, हे कोण? आणि पलीकडची एक म्हातारी म्हणाली, हा वॉरेनच्या जागेवर आलेला हाय. पुढे तिने मेकॅनिक हा शब्द जोडला की नाही ते मला ऐकू आलं नाही. संध्याकाळी चंपाने मात्र मला बरंच काही ऐकवलं.

आता धंद्याचं सांगतो. तू म्हणशील, गाडी पंधरा हजार किलोमीटर बिनतक्रार पळाली म्हणजे धाक्याकडे रांग लागली असेल. भाईंदर पश्चिमेचा दिपेश तुला माहीत आहे, चष्म्याचं दुकान आहे तो. तो डिसेंबरात गाडी घेऊन आला, मित्रांबरोबर गोव्याला जायचं होतं, म्हणाला फुल सर्विस कर, वॉरेनच्या गाडीसारखी. मी इंजिन उघडलं. दोन तासांनी त्याची बायको रिक्षाने आली. मी म्हटलं, ताई, अजून वेळ लागेल. ती म्हणाली, भाऊ, राहू द्या, आहे तशी बंद करा. मी म्हटलं, कार्बोरेटर बाहेर आहे, अशी गाडी रस्त्यात बंद पडेल. तर शांतपणे म्हणते, पडू दे ना, थोडी खराबच असू दे. टेम्पो बोलावला, गाडी चढवली आणि कार्बोरेटर भाजीच्या पिशवीत घालून घेऊन गेली. असं नंतर आणखी तिघींनी केलं. राईपासून मोर्व्यापर्यंतच्या गावांत बायकांमध्ये पसरलंय की मुर्ध्याच्या धाकूने केलेली गाडी नवऱ्याला घेऊन जाते आणि परत आणत नाही. एकतीस वर्षांत माझ्या कामाची एवढी स्तुती कोणी केली नव्हती, आणि आता शेडमध्ये मी आणि पंख्याखाली झोपलेलं कुत्रं असे दोघंच असतो.

हे सगळं मी हसत हसत सांगितलं असतं. पण जानेवारीचं मला हसत सांगता येत नाही.

नऊ जानेवारीला वहिनींच्या पोटात दुखायला लागलं. आधी त्यांनी ओवा खाल्ला, मग दोन दिवस अंगावर काढलं. अकराला सकाळी काकांनी मला फोन केला आणि नुसते ‘ये’ म्हणाले. मी रिक्षा घेऊन गेलो. पित्ताशयात खडे होते आणि आत पू झाला होता. डॉक्टर म्हणाले आजच ऑपरेशन करायला हवं. तुझ्या लेकीला, स्टेफनीला, दुबईला फोन लावला. पोर रडायला लागली. लगेच निघते म्हणाली, पण लगेच म्हणजे दुसऱ्या दिवशी. काकांनी सहीचं पेन दोनदा खाली पाडलं, तेव्हा नर्सने फॉर्म माझ्यासमोर ठेवला. तुला मी चौदा वेळा फोन लावला, वॉरेन. चौदा. मोजायची सवय तुझी, पण त्या दिवशी मी मोजले.

फॉर्मवर एक रकाना होता, रुग्णाशी नातं. मी पेन धरून बसलो. नवऱ्याचा मित्र लिहावं की शेजारी, शेजारी तर मी नाही. नर्स घाईत होती, म्हणाली काका, लिहा काहीतरी. मी विचारलं, काय लिहू वहिनी? त्या पोट धरून पडल्या होत्या, डोळे मिटलेले. म्हणाल्या, “लिव, गॅरंटी दिलेला मानूस.” मी मेकॅनिक असं लिहिलं. नर्सने वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि फॉर्म घेऊन गेली. तो कागद त्या हॉस्पिटलात अजून असेल.

ऑपरेशन पावणेदोन तास चाललं. काका माझ्या शेजारी बसून माळ ओढत होते आणि मी फोन बघत होतो. त्याच वेळात तुझा फोटो आला, तो तू उत्तनच्या आपल्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला होतास. कुठल्यातरी लांबलचक पुलावर गाडी उभी, मागे ब्रह्मपुत्रा, खाली ओळ, ‘१४००० किमी, एकही प्रॉब्लेम नाही.’ म्हणजे रेंज होती. माझे चौदा मिस कॉल त्याच फोनवर होते. दोन दिवसांनी तू मला लिहिलंस, ‘अरे, आधी कळवायचं ना. आता बरी आहे ना?’ आणि गाडीच्या हेडलाइटबद्दल एक शंका विचारलीस. मी तिचं उत्तर दिलं. दिलं, कारण हेडलाइटचा प्रश्न होता, आणि तू रात्री घाटात असतास तर.

भूल उतरायला लागली तेव्हा मी खाटेजवळ होतो. वहिनींनी डोळे उघडले, छताकडे बघितलं, मग माझ्याकडे. वॉरेन आला का, असं त्या विचारतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी विचारलं, “गाडी आली?” मी म्हटलं, यायची आहे. त्या परत झोपल्या.

गावात लोक काय बोलतात ते तुला कळवणं माझं काम नाही, तरी कळवतो. तिकडे कोणी बाई आहे असं म्हणतात. मी सांगितलं, शक्य नाही, बाई असती तर तिने आठवड्यात हाकलला असता. कोणी म्हणतं डोक्यावर परिणाम झाला. मला वाटतं तसंही काही नाही. एकोणतीस वर्षं फाटकावर बसून लोकांना बाहेर जाताना बघितलंस, आता तू गेलास. इतपत मला समजतं. मीही एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या लांबच्या प्रवासाला तयार करून देतोय आणि स्वतः ट्रायलसाठी चौकापर्यंत जाऊन परत येतो. पण मी परत येतो. गाडीवर भरवसा ठेवायला मीच तुला सांगितलं आणि तो खोटा ठरला नाही. तुझ्यावर ज्यांनी भरवसा ठेवला त्यांना असं सांगणारा कोणी नव्हता, तरी त्यांनी ठेवला. त्यांचा तो भरवसा कसा दुरुस्त करायचा ते मला माहीत नाही. माझ्याकडे त्याचे पार्ट नाहीत.

सामान पाठवू नको असं चंपा म्हणाली. चेन तुटू दे, आपोआप येईल. मी तिला समजावलं, जोरहाटला तुटलेली चेन म्हणजे जोरहाटला बसलेला वॉरेन, यात आपला फायदा काय. शिवाय झिजलेल्या चेनवर गाडी चालवणं धोक्याचं आहे. तर सेट खोक्यात आहे. पुढचं आणि मागचं स्प्रॉकेट दोन्ही बदल, फक्त चेन बदलून पैसे वाचवू नकोस. क्लच प्लेटी बसवायच्या आधी रात्रभर ऑइलमध्ये बुडवून ठेव. तिथल्या माणसाकडून बसवून घेणार असशील तर त्याच्या डोक्यावर उभा राहा.

एवढं करून गाडी आणखी वीस हजार पळेल. कुठल्या दिशेने, ते हँडल तुझ्या हातात आहे.

अजून तरी तुझाच,
धाकू मांडवकर

ता. क. – बॉस्कोकाकांनी सांगितलं आहे की त्यांना काही निरोप द्यायचा नाही. हे त्यांनी मला तीनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा माझा हात धरून ठेवला. काय समजायचं ते समज.

दुसरा ता. क. – वहिनी आता बऱ्या आहेत, गेल्या सोमवारपासून बाजारात जातात. तू यावंस असं त्यांनी मला लिहायला सांगितलेलं नाही. विचारलं तेव्हा म्हणाल्या, लिवायचं ते लिव, माझं नाव नको.

तिसरा ता. क. – वरचं सगळं खरं आहे, पण एक गोष्ट गाळली आहे, आणि खरं म्हणजे तिच्यासाठीच पत्र लिहायला बसलो होतो. तू निघालास त्याच्या आदल्या दिवशी, एक ऑक्टोबरला दुपारी, वहिनी रिकामी टोपली घेऊन शेडवर आल्या होत्या. तू घरी सामान बांधत होतास. त्या म्हणाल्या, “धाकू, गाडी मनोरपर्यंत जाऊ दे. पुढं नको. त्याचा हट्टबी व्हईल आन् जेवायला घरीबी येल.” मी आधी नाही म्हणालो. त्या भांडल्या नाहीत, बसून राहिल्या. शेवटी मी कपाटातून एक जुनी कॉइल काढली. थंड असताना चांगली चालते, दीडेक तास पळून गरम झाली की ठिणगी देणं बंद, मग कितीही किका मार. त्यांच्यासमोर बसवली. त्यांनी माझे आभार मानले आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तू गाडी न्यायला आलास आणि किक मारलीस. आवाज सुंदर होता. मला तो ऐकवेना. अडीच महिने बांधलेली गाडी मनोरच्या रस्त्यावर बंद पडणार, कोणीतरी टेम्पोत घालून आणणार, आणि लोक म्हणणार ही धाकूनेच केली होती ना. मी तुला म्हटलं, थांब एक मिनिट. जुनी कॉइल काढली, नवी घातली. तू विचारलंस काय झालं, मी म्हटलं, ही भरवशाची नव्हती. तू माझ्या पाठीवर थाप मारलीस आणि गेलास.

वहिनींना हे माहीत नाही. लोकांसमोर त्या माझ्याशी गॅरंटीवरून भांडतात, पण शेडमध्ये कोणी नसलं की हळूच विचारतात, “बसवली व्हतीस ना? माझ्यासमोर बसवली व्हतीस. मंग बंद कशी पडली न्हाय?” मी सांगतो, बसवली होती वहिनी, नशीब त्याचं. हॉस्पिटलातून घरी आल्यावरही पहिल्या दिवशी हेच विचारलं. मला आता नशीब पुरत नाही.

तेव्हा, वॉरेन, येशील तेव्हा ये, पण आल्यावर किंवा फोन केलास तर त्याआधीच, वहिनींना एवढं सांग की पहिल्याच दिवशी मनोरला गाडी बंद पडली होती, कॉइल गेली होती, आणि तिथल्या एका मेकॅनिकने बदलून दिली म्हणून तू पुढे गेलास. त्रास दिला तर मागे फिरतो म्हणाला होतास, ते मोडल्याबद्दल तुला ऐकून घ्यावं लागेल, घे. पहिल्याच दिवशी माझी गाडी बंद पडली असं गावभर होईल, होऊ दे. आणि तो मनोरचा मेकॅनिक कसा होता असं त्यांनी विचारलं, तर बरा होता एवढंच म्हण. फार तारीफ करू नकोस.